बेटांचा बेत

व्यापारी घरातला माणूस नकाशा पाहू लागला की समुद्र आणि डोंगर यांच्याआधी त्याला वाट दिसते. माल कोठे चढवावा, कोठे उतरवावा, एका फेरीत किती पेठा उरकाव्यात, याचा हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप सुरू होतो. कॅरिबियन समुद्राचा नकाशा तर अशा माणसाला भुरळ घालण्यासाठीच काढला असावा. प्वेर्तो रिकोपासून त्रिनिदादपर्यंत सुमारे हजार किलोमीटर बेटांची एक कमान पसरली आहे. एकामागून एक, जणू मिरज-पुणे मार्गावरची स्टेशनेच. सांगलीच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षे हळदीची अडत चालविलेल्या एका गृहस्थांना ती तशीच दिसली. न्यू जर्सीत मुलाच्या घरी मुक्कामाला असताना त्यांनी एका कागदावर सहा नावे लिहिली: प्वेर्तो रिको, सेंट मार्टिन, अँटिग्वा, सेंट लुशिया, बार्बाडोस, त्रिनिदाद. समोर दिवसांचा आकडा मांडला: दहा. इतक्या लांब आलोच आहोत तर एका भाड्यात सगळे पाहून होईल, हा त्यामागचा विचार. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात.

शेवटच्या दोन नावांखाली अण्णांनी रेघ ओढली होती. सुनेला आणि नातीला तिचे कारण कळले नाही, मुलाला मात्र चटकन कळले. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये पहिल्यांदा कसोटी मालिका जिंकली, तेव्हा अण्णा शाळेत होते. पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर भारताने सामना जिंकला; पदार्पणाच्याच मालिकेत सुनील गावसकरांनी चार कसोट्यांत ७७४ धावा केल्या आणि त्याच मैदानावरच्या शेवटच्या कसोटीत १२४ व २२० अशा दोन्ही डावांत त्या उभारल्या. त्या दिवसांची वर्तमानपत्रातील कात्रणे अण्णांनी वडिलांच्या एका जुन्या खतावणीच्या कोऱ्या पानांवर खळीने चिकटवली होती. ती खतावणी अजून दुकानाच्या कपाटात आहे. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, त्या रात्रीही ते एकटेच उशिरापर्यंत दूरचित्रवाणीसमोर बसून होते. ज्या मैदानांची नावे चौदाव्या वर्षापासून तोंडपाठ आहेत, त्यांच्या पायऱ्यांवर एकदा बसावे, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कोणापाशी बोलून दाखविली नव्हती. रेघ तेवढी ओढली होती.

सहा बेटांचा बेत मोडायला दोन संध्याकाळी पुरल्या. नकाशात ही बेटे शेजारी-शेजारी असली तरी व्यवहारात ती वेगवेगळ्या दुनिया आहेत. अँटिग्वा, सेंट लुशिया, बार्बाडोस आणि त्रिनिदाद हे स्वतंत्र देश. सेंट मार्टिनचा एक भाग फ्रेंच, दुसरा डच. प्वेर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यातले. प्रत्येक ठिकाणी पासपोर्टची रांग निराळी, व्हिसाचा नियम निराळा, आणि बहुतेक ठिकाणी नाणेही निराळे. नाण्यांच्या बाबतीत अण्णांना एका गोष्टीचे मोठे नवल वाटले. पूर्व कॅरिबियन डॉलरचा भाव अमेरिकी डॉलरला २.७० असा १९७६ पासून तसाच आहे आणि बार्बाडोसच्या डॉलरचा एकास दोन हा १९७५ पासून. पन्नास वर्षे भाव न हललेली वस्तू त्यांनी बाजारात कधी पाहिली नव्हती. हळदीचा भाव सकाळ-संध्याकाळ बदलताना पाहिलेल्या माणसाला हे नवल वाटणे स्वाभाविकच होय.

खरी अडचण विमानांची निघाली. न्यूयॉर्कच्या परिसरातून यांतील बहुतेक बेटांना थेट विमान मिळते. पण एका बेटाहून शेजारच्या बेटाला जायचे म्हटले की वाट अडते. काही मार्गांवर आठवड्यातून मोजकेच दिवस विमान असते, तर काही ठिकाणी समोर दिसणाऱ्या बेटाला जाण्यासाठी मायामीपर्यंत वळसा घ्यावा लागतो. या बेटांना अनेक दशके जोडून ठेवणारी लिआट ही विमान कंपनी २०२० मध्ये कोलमडली. त्यानंतर तिच्या जागी नव्याने सेवा उभ्या राहत असल्या तरी जुनी साखळी तशीच्या तशी जुळलेली नाही. मुलाने एका कोऱ्या कागदावर दहा दिवस मांडले आणि त्यांतील विमानतळांवर जाणारे तास लाल शाईने भरले. कागद जवळजवळ निम्मा लाल झाला. अण्णांनी तो पाहिला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हा धंदा हमालीतच जाणार."

तेव्हा एकच बेट निवडायचे ठरले. अण्णांच्या मते ते बार्बाडोस हे उघड होते. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्या पर्यटकाकडे बार्बाडोस व्हिसा मागत नाही. भाषा इंग्रजी आणि मैदान गावातच. मुलगा मात्र गप्प राहिला. नंतर त्याने जे सांगितले ते त्याने तोवर सांगलीला कधी कळविले नव्हते.

अमेरिकेत नोकरी करण्याचा त्याचा परवाना वाढवून मिळालेला होता. मंजुरीचा कागद त्याच्या फायलीत होता. परंतु पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपून गेलेला होता. अमेरिकेच्या आत राहायला, नोकरी करायला, घराचे हप्ते भरायला त्याने काही बिघडत नाही. देशाबाहेर पाऊल टाकले की मात्र परत येण्यासाठी नवा शिक्का घ्यावा लागतो, त्यासाठी बाहेरच्या एखाद्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत द्यावी लागते, आणि त्या मुलाखतीची तारीख किती महिन्यांनी मिळेल याचा भरवसा नसतो. कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन येणाऱ्यांना यात सवलत आहे. नोकरीच्या व्हिसावाल्यांना ती बेटांसाठी लागू नाही. सुनेचीही स्थिती तीच. बार्बाडोस अण्णांसाठी दार उघडून बसले होते. मुलासाठी तिथून घरी परतण्याचे दार बंद होते. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या कितीतरी कुटुंबांत हीच कथा आहे. ती फोनवर सांगितली जात नाही, कारण फोन करणाऱ्याला वडिलांची झोप उडवायची नसते.

अण्णांनी ऐकून घेतले. मग त्यांनी आपल्या भाषेत ते पुन्हा मांडले: "म्हणजे माल गोदामात सुखरूप आहे, पावती पण आहे. गेटपास तेवढा नाही."

मुलगा म्हणाला, "हो. तसंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी, अण्णांनी एकच प्रश्न विचारला. आदल्या वर्षी मिरजेत त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती आणि मुलगा आला नव्हता. कामाचा फार दाब आहे, असे त्याने कळविले होते. भाऊबंद, यार्डातले शेजारी यांनी त्यावर जे बोलायचे ते बोलून घेतले होते. अण्णांनी कोणाला उत्तर दिले नव्हते. "त्या वेळी पण हेच होतं का रे?" मुलाने मान हलविली. पुढे कोणी काही बोलले नाही. आई ताटात खाकरा मोडत होत्या, त्यांनी तो चौथ्यांदा मोडला.

आता बेट कोणते हे कागदच ठरवत होते. प्वेर्तो रिको १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे आणि १९१७ पासून तिथले रहिवासी अमेरिकेचे नागरिक आहेत. न्यू जर्सीहून तिथे जाणे म्हणजे देशातल्या देशात जाणे; पासपोर्टवर शिक्का बसत नाही आणि परतताना तो मागितलाही जात नाही. शेजारचे सेंट थॉमस हेही अमेरिकेचेच. तिथल्या बाजारपेठेत दागिन्यांची दुकाने चालविणारे भारतीय व्यापारी पुष्कळ आहेत हे ऐकून अण्णांचे डोळे क्षणभर चमकले. पण तिथून मुख्य भूमीकडे परतताना प्रत्येक प्रवाशाचे कागद अधिकारी तपासतात. मुलाचे कागद बरोबर असले तरी विनाकारण त्या खिडकीसमोर उभे राहण्याची त्याची इच्छा नव्हती. प्वेर्तो रिकोलाही त्याने सगळी फाइल बरोबर घ्यायचे ठरविले. ज्याचे कागद पक्के असतात तोच ते जवळ बाळगतो, हे व्यापाऱ्याच्या मुलाला शिकवावे लागत नाही.

मुलाने आणखी एक सुचविले. अण्णा आणि आई यांच्या पासपोर्टवर दहा वर्षांचा अमेरिकी व्हिसा आहे, तो कितीही वेळा ये-जा करू देतो. तेव्हा दोघांनी चार दिवस बार्बाडोसला जाऊन यावे, तिकिटे तो काढून देईल. अण्णांनी उत्तर दिले नाही. सहा नावांचा तो कागद पुढे ओढून त्यांनी पाच नावांवर एकेक सरळ रेघ मारली. खतावणीतली नोंद रद्द करताना जुना व्यापारी गिरगिटत नाही. खालचे अक्षर वाचता येईल अशी एकच रेघ मारतो. बार्बाडोसवरची रेघही तशीच होती.

बेट ठरले, आता दिवस. कॅरिबियनमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो आणि त्याचा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत असतो. आपल्या पंचांगात पाहिले तर आषाढ ते कार्तिक, म्हणजे जवळजवळ अख्खा चातुर्मास त्यात येतो, आणि पर्युषण तर ऐन भरात. साधू-साध्वी या काळात एका जागी राहतात, गृहस्थही लांबचा प्रवास टाळतात. त्याची कारणे वेगळी, पण कॅरिबियनला निघालेल्या माणसाने तो नेम पाळला तर त्याचे नुकसान काहीच होत नाही. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया हे वादळ प्वेर्तो रिकोवर धडकले तेव्हा सगळ्या बेटाची वीज गेली आणि ती सर्वत्र परत यायला जवळजवळ वर्ष लागले. अण्णा-आई सांगलीहून निघाले होते तेच मुळी कार्तिक पौर्णिमा उलटल्यावर. परतीची वेळ हळदीने ठरविली होती: फेब्रुवारीत नव्या मालाचे सौदे जोरात येतात, त्याआधी पेढीवर हजर राहायला हवे. मधल्या काळात नाताळची गर्दी आणि तिचे चढे भाडे. उरला जानेवारीचा तिसरा आठवडा. १९ जानेवारी २०२६ हा सोमवार मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणार्थ सुटीचा होता. नातीची शाळा तीनच दिवस बुडणार होती. गुरुवारी निघायचे, मंगळवारी परतायचे.

विमान निवडताना मात्र आईंचा विचार आधी झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. आई सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत, पाणीही नाही. नोव्हेंबरात मुंबईहून येताना त्यांचे विमान मध्यरात्रीनंतर सुटले आणि रात्रीबरोबरच पश्चिमेकडे पळत राहिले. मुंबईचा सूर्य मावळल्यापासून न्यूअर्कचा उगवेपर्यंत वीस तासांहून अधिक काळ त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब गेला नाही. मुलाने आठवणीने नोंदविलेले जैन जेवण समोरच्या ट्रेवर तसेच झाकलेले राहिले. जेवण नोंदविले की काम झाले, असा आपल्याकडे समज आहे; ते कोणत्या घटकेला समोर येणार हे कोणी विचारत नाही. वास्तविक आईंसारख्यांसाठी तिकीट काढताना भाड्याच्याही आधी विमान सुटण्याची आणि पोचण्याची वेळ पाहावी लागते, आणि त्या दोन्ही गावांचा सूर्य.

न्यूअर्कहून सान हुआनला थेट विमानाने चार तास लागतात. हिवाळ्यात प्वेर्तो रिकोचे घड्याळ न्यू जर्सीच्या एक तास पुढे असते. उन्हाळ्यात ते सारखेच, कारण तिथे घड्याळे मागेपुढे करण्याची पद्धत नाही. हा एक तास हिशेबात धरला नाही तर घोळ होतो. दुपारी दोनचे विमान माणशी साठ डॉलरांनी स्वस्त होते. पाच जणांचे तीनशे डॉलर. पण ते सान हुआनला संध्याकाळी सातला उतरणार, आणि जानेवारीच्या मध्यात तिथे सूर्य सहाच्या थोडा पुढे मावळतो. मधे एका ठिकाणी थांबून जाणारे आणखी स्वस्त विमान तर नऊ वाजता पोचणार. तीनशे डॉलर सोडून देणे हे अण्णांच्या स्वभावात नाही. तरीही सकाळी सातचे विमान घ्या, हे पहिल्यांदा तेच म्हणाले. ते बाराला पोचते. दोन्ही वेळचे जेवण जमिनीवर, उजेडात. परतीचे विमान दुपारी बाराचे. गेलेला तास परत मिळून न्यू जर्सीत तीन वाजताच पाय टेकणार.

या हिशेबात एक गोष्ट आपोआप उघडी पडली. सान हुआनचे अक्षवृत्त जवळजवळ पुण्याचेच आहे, साडेअठरा अंशांच्या आसपास. म्हणून तिथला हिवाळ्यातला दिवस पुण्या-सांगलीच्या दिवसाएवढाच, अकरा तासांचा. न्यू जर्सीत डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. आई आल्यापासून रोज चार वाजता स्वयंपाकघरात एकट्या जेवत होत्या. मुलगा-सून कामावर आणि नात शाळेतून यायची असे. त्यांनी तक्रार कधी केली नाही, पण कोणते बेट, कोणते विमान यांत फारसा रस न दाखविणाऱ्या आईंनी दोन वेळा विचारून खात्री करून घेतली: "तिथं खरंच सहापर्यंत ऊन असतं? म्हणजे साडेपाचला सगळे एकत्र बसू शकतो?" त्यांच्या लेखी सहलीचा कार्यक्रम तेवढाच होता.

एकत्र बसायचे तर पानात काय, हा पुढचा प्रश्न. देशांतर्गत विमानात चार तासांच्या प्रवासाला साध्या वर्गात जेवण मिळत नाही, तेव्हा थेपले, खाकरे, भाजलेले पोहे घरचे. कोरडे पदार्थ हातातल्या पिशवीतून नेता येतात. लोणचे, तूप, चटणी शंभर मिलिलिटरच्या वर असेल तर मोठ्या सामानात टाकावी लागते. परतताना तिथली ताजी फळे आणण्याचा मोह टाळलेला बरा, कारण प्वेर्तो रिकोहून निघणारे सामान शेतीखात्याच्या तपासणीतून जाते आणि बरीच फळे तिथेच काढून घेतली जातात. हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली जागा घ्यायची, हे सूनबाईंनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकले होते.

तथापि त्या बेटाचे अन्न आपल्याला अगदीच परके नाही. तिथल्या लोकांचा आवडता भात तुरीचा असतो. ओली तूर घातलेला हा भात सणावाराला हटकून होतो. आपल्याकडून आफ्रिकेमार्गे ही डाळ तिथवर गेली. हिरव्या केळ्यांचे काप दोनदा तळून दाबून करतात, ते लहान-थोर सगळे खातात. नीरफणसही तिथे आहे, जो कोकणात घरोघरी भाजीला असतो. कॅप्टन ब्लायने १७९३ मध्ये प्रशांत महासागरातून त्याची रोपे कॅरिबियनमध्ये आणली, ती मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्त अन्न मिळावे म्हणून. मात्र वस्तू ओळखीची असली तरी करण्याची रीत ओळखीची नाही. तुरीच्या भातात बहुधा डुकराचे मांस असते, फोडणीला कांदा-लसूण असतोच, आणि घेवड्याच्या उसळीत चरबी असण्याचा संभव असतो. केळ्याचे काप ज्या तेलात तळले त्यात आधी काय तळले, हेही विचारावे लागते. शिवाय स्पॅनिशमध्ये नुसते मांस नको म्हटले तर कोंबडी आणि मासे त्यात येतातच असे नाही. प्रत्येक गोष्ट नावाने सांगावी लागते. नात शाळेत स्पॅनिश शिकते. आजी एकेक पदार्थ सांगत गेली आणि नात एका कार्डावर सुवाच्य अक्षरांत लिहीत गेली: मांस, कोंबडी, मासे, अंडी, चरबी, कांदा, लसूण, बटाटा, रताळे, कसावा, काहीही नको. यादी लांबली तेव्हा नातीने विचारले, "आजी, मग हवं काय, ते पण लिहू का?" त्या कार्डाच्या मागच्या बाजूला हव्या असलेल्या गोष्टी आल्या: भात, तूर, केळी, भोपळा, टोमॅटो, अव्होकाडो. असे दोन बाजूंचे कार्ड प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक जैन कुटुंबाने करून ठेवावे. नुसते नकार वाचून आचारी गोंधळतो.

कार्यक्रम आखताना पहिला धक्का सान हुआननेच दिला. जुन्या गावात राहायचे, निळसर फरसबंदीच्या गल्ल्यांतून फिरायचे, स्पेनने सोळाव्या शतकात बांधायला घेतलेला मोरोचा किल्ला पाहायचा, असे सगळ्यांच्या मनात होते. पण जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याअखेरीस तिथे सान सेबास्तियान रस्त्याचा उत्सव असतो. चार दिवस लाखोंची गर्दी, गाणी-बजावणी मध्यरात्रीपलीकडे, वाहनांना रस्ते बंद, आणि खोल्यांचे दर गगनाला भिडलेले. म्हणून क्रम उलटा केला. गुरुवारी उतरल्यावर भाड्याची गाडी घेऊन थेट पूर्वेकडे जायचे. वाटेतले एल युंके हे घनदाट पर्जन्यवन जमले तर दुरून, रस्त्याच्या कडेच्या धबधब्यापर्यंत पाहायचे. रात्र किनाऱ्याजवळ काढून शुक्रवारी सेइबाच्या धक्क्यावरून बोटीने व्हिएकेस या धाकट्या बेटावर जायचे, सोमवारी सकाळी परतायचे. उत्सव संपलेल्या सान हुआनसाठी सोमवारची दुपार आणि मंगळवारची सकाळ. (तिथल्या रस्त्यांवर अंतर किलोमीटरमध्ये आणि वेगमर्यादा मैलांत लिहिलेली असते, दोन मालकांच्या हाताखाली राहिलेल्या पेढीच्या वह्या अशाच असतात, असे अण्णांचे मत पडले.)

व्हिएकेसला सान हुआनहून छोटे विमानही जाते. त्यात प्रत्येक प्रवाशाला वजन विचारतात आणि त्याप्रमाणे जागा देतात, हे कळल्यावर सूनबाईंनी बोटीच्या बाजूने ठाम मत दिले. बोट अर्ध्या तासात पोचते आणि भाडे जेमतेम दोन डॉलर. पण तीत तिथल्या रहिवाशांना आधी जागा मिळते आणि समुद्र खवळला तर फेरी पुढे ढकलली जाते. यास्तव बोट आणि परतीचे विमान एकाच दिवशी जोडायचे नाही, मधे एक रात्र मोकळी ठेवायची, असा नियम मुलाने केला. अण्णांनी त्यावर मान डोलावली. उधारीच्या वायद्यांतही ते हेच करतात.

व्हिएकेसचा आग्रह नातीचा होता. या बेटाचा मोठा भाग अमेरिकी नौदलाने २००३ पर्यंत बाँबफेकीच्या सरावासाठी वापरला. लोकांनी वर्षानुवर्षे केलेल्या विरोधानंतर तो बंद झाला आणि आता तिथे वन्यजीवांसाठी राखीव रान आहे. त्याच बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर मॉस्किटो बे नावाचा उपसागर आहे. रात्री त्याचे पाणी हलले की निळ्या उजेडाने चमकते, आणि गिनेसच्या नोंदीत जगातील सर्वांत तेजस्वी असा उपसागर म्हणून त्याचे नाव आहे. चांदण्यात तो उजेड फिका पडतो. पाहायचा तर अमावास्येच्या आसपास. नातीने हे वाचून दाखविताच आईंनी आपल्या पिशवीतून दिनदर्शिका काढली. पौष अमावास्या १८ जानेवारीला, रविवारी. दोन महिन्यांच्या खटपटीत एवढी एकच गोष्ट अशी होती की जिच्यासाठी कोणाला काही शोधावे लागले नाही. शनिवारची रात्र ठरली, ढग आले तर रविवार हाताशी.

नंतर आईंनी विचारले, पाणी चमकते ते कशामुळे? नातीने सांगितले: डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, एकेका पेशीचे, एकेका लोट्यात हजारोंनी. पाणी ढवळले की ते उजेड टाकतात. खाणाऱ्यांपासून बचावासाठी असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. त्यांना इजा होऊ नये म्हणून तिथे पोहायला बंदी आहे. लहान होड्या मात्र वल्हवत आत नेता येतात.

आई थोडा वेळ बोलल्या नाहीत. पाणी गाळल्याशिवाय तोंडाला न लावणाऱ्या, गाळण्याचे कापड सांगलीहून घडी घालून आणलेल्या त्या बाई. नातीचा चेहरा पाहून त्यांनी तिला एवढेच म्हटले, "तू जा बाळा. तू बघून ये आणि मला सांग. मी नाही वल्हं मारायची." नातीने विचारले, मग आपण सगळ्यांनीच जाऊ नये का? त्यावर आई म्हणाल्या की हा नेम त्यांचा आहे, तिचा नाही. तिला जेव्हा वाटेल तेव्हा ती स्वतः ठरवील. नात बराच वेळ विचार करीत राहिली. शेवटी होडी अगदी हळू चालवू आणि पाण्यात हात घालणार नाही, असे तिने आजीला सांगितले.

होडीच्या जागा राखून ठेवण्याचा अर्ज मुलाने त्याच रात्री उघडला. बाकीचे सगळे झाले होते: विमानाची पाच तिकिटे, सातजणांची गाडी, सेइबाच्या बोटीची जाण्या-येण्याची पाच-पाच तिकिटे, व्हिएकेसला ओसरी आणि स्वयंपाकघर असलेले घर. आईंची जागा कमी करून त्याने चार हा आकडा लिहिला.

पलीकडून अण्णा म्हणाले, "तीन कर."

"अण्णा, तुम्ही पण नाही? अख्ख्या जगात असं एकच ठिकाण आहे म्हणतात."

"ती त्या परक्या बेटावर अमावास्येच्या अंधारात एकटी बसणार का? तुम्ही तिघं जाऊन या. आम्ही दोघं ओसरीवर बसतो." मग खिशातून कागद काढून त्यांनी पाहिले. "आणि हे बघ, परतीच्या बोटीच्या तिकिटांची झेरॉक्स माझ्याकडे पण एक राहू दे."

मुलाने चारचे तीन केले.